चढावर थांबणारी गाडी

बस सीमेच्या दगडापलीकडे उभी होती आणि तिच्या मागच्या चाकाखाली ड्रायव्हर देवाजी मरून पडला होता.

निरोप आला तेव्हा मोटार वाहन निरीक्षक खुशाल खोब्रागडे धानोऱ्याच्या विश्रामगृहात दाढी करत होता. त्याने अर्ध्या दाढीवरचा साबण पुसला आणि जीप काढली. मुरूमगाव मागे पडलं. जंगल दाट झालं. बायनाबाईच्या चहाच्या टपरीपासून रस्ता उताराला लागला, नाला आला, मग चढ. चढ संपला की सीमेचा दगड. त्याच्या पुढे रस्ता खळ्यासारखा सपाट होता. तिथेच ऐनाच्या झाडाखाली बस होती.

खुशाल जीपमधून उतरून चालू लागला. दगडापाशी ठाणेदाराने काठी आडवी धरली.

"इथवरच, साहेब."

"मला गाडी पाहायची आहे."

"पाहा ना. हात लावू नका. दगडाच्या अलीकडे तुम्ही राजे, पलीकडे मी." ठाणेदार मध्यप्रदेशचा होता, पण आजोळ गोंदियाचं असल्यामुळे मराठी बोलायचा.

खुशालला हे नवीन नव्हतं. सीमावर्ती परिवहन मंडळ दोन राज्यांचं मिळून होतं, त्यात थोडा वाटा दिल्लीचा. गाडीचा परवाना दिल्ली देई. गाडी धडधाकट आहे की नाही हे मध्यप्रदेश ठरवी, कारण नंबर तिकडचा. ड्रायव्हर आणि कंडक्टर महाराष्ट्राचे. खुशालला गाडी तपासता येई, दोष दिसला तर वर कळवता येई, पण रोखता येत नसे. लोक म्हणत, दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी ही गाडी. तिला तेलपाणी कोणीच करत नाही.

याला एकच अपवाद होता. गाडीखाली माणूस मेला, तर ज्या राज्यात मेला त्या राज्याचा निरीक्षक मंडळाच्या सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबवू शके. तपासून तो हो म्हणेपर्यंत एकही गाडी हलत नसे.

या गाडीचे ब्रेक धरत नाहीत असं खुशालने कळवलं होतं, एकदा नव्हे. 'आपल्या अधिकारात येत नाही' असं उत्तर आलं होतं, तेही एकदा नव्हे.

तो गुडघ्यांवर बसून बसखाली पाहू लागला. चाक देवाजीच्या छातीवर होतं. डाव्या मांडीला, गुडघ्याच्या वर, लाल दुपट्टा करकचून बांधलेला होता. रक्ताने तो जवळजवळ काळा झाला होता. ब्रेकचा पाइप तुटून लोंबत होता. त्याच्या खालची धूळ कोरडी होती. बाजूला लाकडाचा ठोकळा पडला होता, चाकाला लावायचा.

"कोणी केलं?"

"हा बसला ना." ठाणेदाराने काठीने दाखवलं. झाडाच्या बुंध्याशी कंडक्टर चैतू उकिडवा बसला होता. हात बांधलेले. खाकी शर्टावर रक्त. "स्वतःच ठाण्यावर चालत आला. म्हणतो, ठोकळा मी काढला. ड्रायव्हर खाली घुसून पाइप पाहत होता, याने ठोकळा काढला, गाडी सरकली. झालं."

"का काढला?"

"ते सांगत नाही. मोहाची घेतली असेल."

"वास येतो?"

ठाणेदाराने मान हलवली. "नाही येत."

तेवढ्यात मागून सायकलची घंटी वाजली. मंडळाचे वाहतूक अधीक्षक बापूराव घाम पुसत आले. जाडजूड, पन्नाशीचे. ड्रायव्हर म्हणून लागले होते, चढत चढत साहेब झाले. अजूनही डेपोत एखादी गाडी चिखलात रुतली की स्वतः स्टेरिंगवर बसत. त्यांनी प्रेताकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"माझ्यासोबत निघाला होता हो सकाळी," ते म्हणाले. "मी लाइन चेक करत होतो."

"मग तुम्ही गाडीत नव्हता?"

"बायनाबाईच्या स्टॉपवर उतरलो. तिथली शेड पडली आहे, ती पाहायची होती. गाडी पुढे गेली. मी चहा घेतला, गावात दोघा-चौघांना भेटलो. मग कोणीतरी सांगत आलं, असं असं झालं म्हणून. सायकल मागितली न आलो."

"गाडीत अजून कोण होतं?"

"कोणी नाही. मोहफुलं वेचायचे दिवस. सकाळी कोण बसतं गाडीत?" ते खुशालच्या जवळ सरकले. "खुशालभाऊ, वाईट वाटतं. पण एक बरं झालं. तुमच्या डोक्याला ताप नाही. हे त्यांच्याकडे झालं."

खुशाल त्या लाल दुपट्ट्याकडे पाहत होता.

*

दुसऱ्या दिवशी तो पलीकडच्या ठाण्यावर गेला. तिथे त्याचं काही काम नव्हतं. पण धानोऱ्याला तरी काय होतं, आणि चंद्रपूरच्या घरी तरी काय. बायको, कांता, गेल्या श्रावणात वारली. तेव्हापासून तो लांबची ड्यूटी मागून घेत होता.

ठाण्याच्या ओट्याखाली एक बाई बसली होती. जवळ फडक्यात बांधलेली भाकर. तिने वर पाहिलं.

"जोहार, सायब. तुमी सोडाले आले का?"

"तुमी कोण, बाई?"

"सोनीबाई. चैतूची बायको. काल सांजच्यान बसली. भाकर आत नेऊ देत नाईत. म्हणतेत, कागद आण. कोनता कागद, ते सांगत नाईत."

खुशालने ठाणेदाराला सांगून भाकर आत नेली. चैतूने ती घेतली, पण खाल्ली नाही.

"देवाजी तुझा कोण होता, चैतू?"

"भाऊच होता जी. मले नोकरीत त्यानंच सांभाळून घेतलं."

"भांडण झालं होतं?"

"नाई."

"ठोकळा तूच काढला?"

"हो जी. याच हातानं."

"आपल्या मनानं?"

चैतूने भाकर पुन्हा फडक्यात गुंडाळली.

"गाडी चालवता येते तुले?"

"नाई. स्टेरिंगले हात लावला तं देवाजीभाऊ बोटं मोडीन म्हणे." तो हसायला गेला. हसणं तोंडातच राहिलं.

"तुहा दुपट्टा कुठी हाय?"

चैतूचा हात खांद्याकडे गेला. खांद्यावर काही नव्हतं. तो हात तिथेच धरून बसला.

"देवाजीच्या मांडीले तूच बांधला ना? केव्हा बांधला?"

बाहेर सोनीबाई खोकली.

"मले जास्त विचारू नका," चैतू म्हणाला. "आमच्यात ज्याच्या हातानं झालं त्यानं पंचापुढं उभं राहाव लागते. मंग पंच सोडवते. मी उभा राह्यलो. सायब म्हणे, तू खरं सांगून टाक, मी सोडवून आणतो."

"कोणता सायब?"

चैतूने भिंतीकडे तोंड केलं.

खुशाल बाहेर आला. सोनीबाई उभी राहिली.

"इथी पंच केव्हा बसते, भाऊ?"

"इथी पंच नसते, बाई," खुशाल म्हणाला.

*

परतताना तो बायनाबाईच्या टपरीवर थांबला. पाटीवर 'बस थांबा' असं लिहिलेलं होतं आणि पाटीखाली एक बकरी बांधलेली होती.

"बापूरावजी काल इथी आल्ते ना, मावशी?"

"आल्ते ना. चहा घेतला. पण आधी पाणी मांगलं. हातपाय धुतले, तोंड धुतलं, शर्टाची बाही धुतली. म्या म्हटलं, सायब, लगनाले चालले का?"

"गाडीतून उतरले तेव्हा?"

बायनाबाईने चहाची गाळणी खाली ठेवली. "गाडीतून कशाचे उतरतेत? पायी आले. नाल्याकडून."

"पण गाडी इथं थांबते."

"कोन सांगतलं तुमाले? पाटी लावली म्हणून का गाडी थांबते?" तिने बकरीकडे हात केला. "दिवाळीपासून नाई थांबत. माहा धंदा बसवला त्या देवाजीनं. या उतारावर गाडी धरतच नाई म्हणे. भुर्रकन जाते, नाला ओलांडते, मंग समोरच्या चढावर आपोआप दमते. तिथी थांबते. लोकं उतरतेत न बोचके डोक्यावर घेऊन मांगं येतेत. एक म्हातारा देवाजीले म्हणे, तू मले माह्या गावाले नेत नाई, तुह्या सासऱ्याच्या गावाले नेतो." ती हसली आणि मग एकदम पदर तोंडाला लावला. "चांगला होता बापा. चढावरून ओरडून माफी मांगे."

"काल गाडी पाहिली?"

"पाह्यली. तशीच भुर्रकन गेली. देवाजीनं हात केला."

खुशालने चहा घेतला. मग जीप तिथेच ठेवून तो उतारावरून पायी निघाला. नाला ओलांडून चढाच्या मध्यावर आला. रस्त्याच्या कडेला हिरव्या डहाळ्यांचा ढीग होता. काल जीपमधून जाताना तो दिसला नव्हता. आज दिसला, कारण एक म्हातारा तिथे वाकून हातातली डहाळी त्यावर ठेवत होता.

"जोहार, बाबा. हे काय हाय?"

"डहाळी ठेवली." म्हाताऱ्याचं नाव जंगू. पाठीवर मोहफुलांची टोपली होती. "माणूस वाघानं पाडला, झाडानं पाडला, गाडीनं पाडला, तं तो पडला तिथी येणाऱ्याजाणाऱ्यानं डहाळी ठेवाव लागते. नाई ठेवली तं तो तिथीच अडकून राह्यते."

"पण ड्रायव्हर तर तिकडे मेला. दगडापलीकडे."

"मेला कुठी ते मले माईत नाई. पडला इथी."

"तू पाहिलं?"

"ओरडणं आयकलं. मोहाखाली होतो आमी, तिकडं. धावत आलो तं गाडी नव्हती. मातीत रगत होतं."

"पोलिसाले काऊन नाई सांगतलं?"

जंगूने टोपली सारखी केली. "कोनत्या पोलिसाले, सायब? इकडचा म्हणते तिकडं झालं. तिकडचा इकडं विचाराले येत नाई."

"मी या डहाळ्या थोड्या बाजूले करू का?"

म्हातारा नको म्हणाला. मग खुशालच्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "पाहाचं असन तं मी करतो. तुमी हात नका लावू."

त्याने एक एक डहाळी उचलली. खाली माती काळी होती. रक्त होतंच. त्याच्या शेजारी तेलकट डाग होता, ताटाएवढा. खुशालने बोटावर घेऊन वास घेतला. ब्रेकचं तेल.

जंगूने डहाळ्या पुन्हा जागेवर ठेवल्या. खुशालनेही एक तोडून ठेवली.

*

दोन्ही बाजूंचे पोलीस सीमेच्या दगडापाशी जमायला तीन दिवस गेले. महाराष्ट्राच्या बाजूने फौजदार लहानू गेडाम आले. पलीकडून ठाणेदार आला, चैतूला दोरखंडाने बांधून. मागे सोनीबाई. बापूराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. ऊन तापलं होतं. सगळे ऐनाच्या सावलीत उभे राहिले. सावली पलीकडच्या राज्यात होती.

"बापूरावजी," खुशाल म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी कुठे उतरलात?"

"सांगितलं ना. बायनाबाईच्या स्टॉपवर."

"गाडी तिथे थांबली?"

"स्टॉप आहे म्हटल्यावर थांबेलच ना."

"दिवाळीपासून थांबत नाही. ब्रेक धरत नाहीत म्हणून देवाजी चढावर थांबवायचा. तुम्ही गाडीत होता, तुम्हाला ते दिसलंच असणार. पण तसं सांगितलं असतं तर ब्रेक खराब आहेत हे तुम्हाला माहीत होतं असं झालं असतं. म्हणून तुम्ही पाटीवरचा स्टॉप सांगितला."

बापूराव हसले. "एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून नाही. ठाणेदारसाहेब, ही जागा कशी आहे?"

"कशी म्हणजे? सपाट."

"सपाट जागेवर ठोकळा कशाला लावतील? आणि काढला तर गाडी सरकेल कशी? दुसरं. पाइप इथे तुटला असता तर खाली तेल सांडलं असतं. त्या दिवशी इथली धूळ कोरडी होती. मी पाहिली, तुम्हीही पाहिली. तेल आणि रक्त दोन्ही चढावर आहे. माणसं तिथे डहाळ्या ठेवतात. दगडाच्या या बाजूला एकही नाही."

ठाणेदाराने पायाखालच्या मातीकडे पाहिलं. "म्हणजे माणूस तिकडे मेला आणि इथे आणला."

"तिकडे पडला. मेला नाही."

ठाणेदाराने वर पाहिलं.

"चाक छातीवर होतं," खुशाल म्हणाला. "मग मांडीला दुपट्टा कोणी बांधला? छाती चिरडलेल्या माणसाची मांडी कोण बांधतं? माणूस गेला की आधी बांधलेलं सोडतात. माझी बायको गेली तेव्हा नर्सने पहिल्यांदा हाताची पट्टी सोडली. मी बाहेरून पाहिलं आणि कळलं. कोणी सांगायची गरज पडली नाही. बांधतात ते जिवंत माणसाला. देवाजीची मांडी चढावर चिरडली. चैतूने रक्त थांबवायला आपला दुपट्टा बांधला. देवाजी तेव्हा जिवंत होता. आणि गाडी तिथून इथवर आली. देवाजी चालवू शकत नव्हता. चैतूला येत नाही. मग कोणी आणली?"

बापूरावांनी रुमाल काढला. घाम पुसला नाही. हातात धरून राहिले.

"चैतू," खुशाल म्हणाला, "ठोकळा काढ असं कोणी सांगितलं?"

चैतूने बापूरावांकडे पाहिलं. पाहत राहिला. ते वर बघत नव्हते.

"सायबानं," तो म्हणाला. "देवाजीभाऊ खाली होता. सायब स्टेरिंगवर बसले. म्हणे, पाहू किती धरते, काढ ठोकळा. म्या म्हटलं, भाऊ खाली हाय. सायब म्हणे, गाडी गिअरमधी हाय, काही होत नाई. म्या काढला."

"मग?"

"मंग मांडीवरून गेलं चाक. दुपट्टा बांधला. दोघांनी उचलून गाडीत टाकला. सायब म्हणे, दवाखान्यात नेतो. गाडी पुढं घेतली. म्या म्हटलं, सायब, दवाखाना मांगं हाय, धानोऱ्याले. सायब म्हणे, पुढं वळवाले जागा हाय."

"वळवली?"

"नाई. इथी थांबवली."

"बापूरावजी, किती वेळ थांबलात?"

बापूराव झाडाच्या बुंध्यावर बसले. बोलले तेव्हा आवाज साधा होता, डेपोत हिशेब सांगावा तसा.

"तो वाचला नसता, खुशालभाऊ. मी लई अपघात पाहिले."

"डॉक्टरला दाखवलं असतं तर कळलं असतं."

"आपल्या बाजूला मेला असता तर तुम्ही सगळ्या गाड्या थांबवल्या असत्या. तिकडचा निरीक्षक थांबवत नाही, गाडी धडधाकट आहे असं त्यानेच लिहून दिलं आहे. सगळ्यांचे ब्रेक असेच आहेत. सुटे भाग मागितले तर हे राज्य म्हणते त्या राज्याकडे मागा. ते म्हणते दिल्लीला लिहा. गाड्या थांबल्या की लाइन बंद. या जंगलात दुसरी कोणती गाडी आहे? बाळंतीण कशात न्यायची?"

"देवाजीला कशात नेलं?"

बापूरावांनी रुमालाची घडी घातली.

"तो बोलत होता?"

"पाणी मागत होता."

"दिलं?"

"दिलं. तेवढा वाईट नाही मी." मग थोड्या वेळाने ते म्हणाले, "गेल्यावर चाकाखाली ठेवला. गाडी थोडी पुढे घेतली. चैतूला म्हटलं, ठोकळा तूच काढला ना, तेच सांग, बाकी मी पाहतो."

सोनीबाईने सगळं ऐकलं होतं. ती ठाणेदाराकडे वळली. "आता सोडा ना जी त्याले."

ठाणेदाराने दोरखंड एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "कसा सोडू? माझ्या हद्दीत प्रेत आहे आणि ठोकळा मी काढला म्हणणारा माणूस आहे. बापूरावांनी ठोकळा काढायला सांगितलं ते तिकडे. ते माझ्याकडे बसत नाही."

"माझ्याकडे जखम बसते," गेडाम म्हणाले. "तेवढा गुन्हा मी लिहितो. पण माणूस मेला तुमच्याकडे. आणि बापूरावजी मंडळाचे अधिकारी. त्यांच्यावर खटला घालायला मंजुरी लागते."

"कोणाची?" खुशालने विचारलं.

"दोन्ही राज्यांची. दिल्लीचीही."

"आणि चैतूला?"

"तो रोजंदारीवर आहे. त्याला नाही लागत."

खुशाल दगडापाशी गेला. त्याच्या एका बाजूला आपलं राज्य, दुसऱ्या बाजूला त्यांचं. मधे वीतभर दगड.

"आणि देवाजी चढावरच मेला असं मी लिहिलं तर?"

"मग तुम्ही आज गाड्या थांबवू शकता," गेडाम म्हणाले. "केस माझी."

"मग चैतूने ठोकळा काढला आणि माणूस जागीच मेला," ठाणेदार म्हणाला. "बापूरावांनी फक्त प्रेत हलवलं. मारलं चैतूने. दोरखंड मी तुमच्या फौजदाराच्या हातात देतो, एवढाच फरक."

बापूराव मान खाली घालून म्हणाले, "मी या गोष्टीचा आधीच विचार केला होता, खुशालभाऊ."

खुशालला कळलं. देवाजी जिवंत होता हेच खरं चैतूला कधीतरी कोर्टात सोडवू शकणार होतं आणि तेच खरं गाड्या सोडून देणार होतं. मेला तो पलीकडे. नियमात तेवढंच लिहिलं होतं, कुठे मेला. कुठे मरायला नेला, हे नियमात नव्हतं.

"जिवंत होता," तो म्हणाला. "तसंच लिहा."

*

गेडामांनी जखमेचा गुन्हा लिहिला. मंजुरीसाठी कागद तीन ठिकाणी गेले. एका ठिकाणाहून विचारणा आली की गाडीचा नंबर कोणत्या राज्याचा आहे. बापूरावांना मुख्य कार्यालयात बसवलं. तिथे गाड्या नव्हत्या. गाडीचा पाइप बांधून तिला पुन्हा लाइनवर सोडलं. गाडी धडधाकट आहे असं ज्याच्या अधिकारात होतं त्याने सांगितलं.

खटल्याचा निकाल लागेपर्यंत चैतूला पलीकडच्या जिल्ह्याच्या तुरुंगात ठेवलं. त्याला अजून वाटत होतं, एखाद्या दिवशी पंच बसेल.

पाऊस सुरू व्हायच्या आधी खुशाल मुरूमगावच्या बाजारात जीपमध्ये डिझेल भरत होता. सोनीबाई गाडीची वाट पाहत उभी होती. डोक्यावर बोचकं.

"कुठी चालल्या, बाई?"

"त्याच्याकडं. महिन्यातून एकदा भेटू देतेत."

"माह्या जीपमधी बसा. सीमेपर्यंत सोडतो."

"अन् तिथून पुढं?"

तिथून पुढे त्याची जीप जाऊ शकत नव्हती. ती सरकारी होती, महाराष्ट्राची.

बस आली. नवा ड्रायव्हर होता, तरणा. त्याने लांबूनच गिअर उतरवत आणली, तरी ती लोकांच्या पुढे जाऊन थांबली. गाडीतून एक माणूस उतरून मागच्या चाकाकडे धावला आणि त्याने चाकाला दगड लावला.

सोनीबाईने पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळली.

"तुमी गाडी पाहाचंच काम करता ना, भाऊ? चांगली हाय का ही?"

"नाई," खुशाल म्हणाला.

ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. "मंग दुसरी कोनती हाय?"

मागून कोणीतरी तिला म्हणालं, चढ ना मावशी, लोकं खोळंबली. ती चढली, खिडकीजवळ बसली आणि बोचकं मांडीवर घेतलं. धावलेल्या माणसाने दगड काढला आणि चालत्या गाडीत उडी मारली.